पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय सापडलं?

रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय म्हणजे बातमी चांगली की वाईट, हे त्या शब्दावरून कधीच कळत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की जे शोधत होतो ते सापडलं. काय शोधत होतो हे मात्र पेशंटला कुणी सांगत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आधी त्यांच्या मुलाच्या हातात पडला. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. कोविडच्या दिवसांत निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. त्याने आनंदाने दोन-चार फोनही केले. संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आहेत का, हर-टू हे प्रथिन वाढलेलं आहे का, याची ती तपासणी असते. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या चालतात, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब देता येतं. तिन्ही निगेटिव्ह आले की हे दोन्ही मार्ग बंद, आणि आजारही बऱ्याचदा जास्त आक्रमक. पुढे ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात ‘मार्जिन निगेटिव्ह’ आलं. म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. ही खरोखर चांगली बातमी होती, पण आता घरातलं कुणी आनंद मानायला धजेना.

मोंटू टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरात टीबी शिरला असं धरून माणसं रडतात. प्रत्यक्षात जंतूंचा शरीराशी कधीतरी संबंध आला होता, एवढंच ती टेस्ट सांगते. बीसीजीच्या लसीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

लग्नाच्या बोलणीत रक्तगटाबद्दल ‘मुलगी निगेटिव्ह आहे’ असं दबक्या आवाजात सांगितलेलं मी ऐकलंय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. लँडस्टायनर आणि वीनर यांनी 1940 मध्ये आरएच घटक सांगितला. तांबड्या पेशींवर ‘डी’ अँटिजेन असलं तर पॉझिटिव्ह, नसलं तर निगेटिव्ह. त्यात कसला आलाय दोष? आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा काळजी घ्यावी लागते, आणि त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन आहे: साधारण 28व्या आठवड्यात एक, बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत दुसरं.

विजेच्या शास्त्रातही हे शब्द आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने 18व्या शतकात धन-ऋण ठरवलं आणि 1897 मध्ये जे. जे. थॉमसनला सापडलेला इलेक्ट्रॉन ऋण निघाला. त्यामुळे तारेतला प्रवाह आपण एका दिशेने दाखवतो आणि इलेक्ट्रॉन उलटे जातात. तिथे कुणाची झोप उडत नाही.

दवाखान्यात उडते. त्यात भेटायला येणारा प्रत्येकजण ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतो. ज्या बाईला स्वतःच्या रिपोर्टचा अर्थ कळलेला नाही, तिने नेमकं कशाच्या जोरावर राहायचं? प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी मराठीत तीन ओळी छापायला हव्यात: काय शोधलं, सापडलं का, आणि आता कोणत्या डॉक्टरांकडे जायचं. लॅबला त्यासाठी नवं मशीन लागणार नाही.