नाव मुंबईचे, मैदान दिल्लीचे

एखाद्या संघाने आपल्या नावाआधी शहराचे नाव लावले म्हणजे त्या शहराचे प्रेम आपोआप पदरात पडते, अशी समजूत आपल्या क्रीडाव्यवसायात दृढ झालेली दिसते. क्रिकेटच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी ठरली आणि तेथूनच हा भ्रम पसरला. बास्केटबॉलने मात्र तो उघडा पाडला आहे. मुंबईच्या नावाने व्यावसायिक संघ निघाले, त्यांना झोकदार नावे मिळाली, रंगीत गणवेश मिळाले, चित्रीकरणाचे कॅमेरेही मिळाले. परंतु स्वतःचा म्हणावा असा प्रेक्षक काही मिळाला नाही. मुंबईकरांना या खेळाची गोडीच नाही, असे सांगून पुष्कळ लोक हा प्रश्न मिटवून टाकतात. आम्हांला हे उत्तर मान्य नाही. प्रेक्षकांवर ठपका ठेवण्यापूर्वी त्यांच्यापुढे काय ठेवले गेले, हे पाहणे न्यायाचे होईल.

२०१५ साली अमेरिकन उद्योजकांच्या पुढाकाराने यूबीए या नावाची व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा आपल्याकडे सुरू झाली. तीत ‘मुंबई चॅलेंजर्स’ होते, ‘पुणे पेशवाज’ होते. २०१७ नंतर ती स्पर्धा बंद पडली. पुढे २०२२ साली बास्केटबॉल महासंघाच्या सहकार्याने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग निघाली आणि ‘मुंबई टायटन्स’ हा नवा संघ अवतरला. २०२५ च्या आरंभी याच लीगची पंचवीस वर्षांखालील खेळाडूंची व्यावसायिक स्पर्धा झाली. सहा संघांत मुंबईचा संघ होता. पण सामने झाले ते दिल्लीच्या त्यागराज क्रीडागारात. आपल्या शहराचा संघ डोळ्यांनी पाहावा असे माहीम किंवा भायखळ्याच्या एखाद्या मुलाला वाटले, तर त्याने राजधानी एक्सप्रेसचे तिकीट काढावयाचे काय?

एकाच ठिकाणी सामने भरविण्यात मोठी काटकसर आहे, हे आम्ही जाणतो. प्रवास, निवास, क्रीडागाराचे भाडे, चित्रीकरणाची सामग्री या सर्व खर्चांना त्यामुळे आळा बसतो. नव्या स्पर्धेच्या चालकांना पहिली काही वर्षे हात आखडूनच चालावे लागते, हेही खरे. पण या काटकसरीची किंमत कोण देतो? ज्या अमेरिकन लीगचा कित्ता आपल्याकडे गिरविला जातो, तिच्यात तीस संघ आहेत आणि नेहमीच्या मोसमात प्रत्येकाच्या वाट्यास ब्याऐंशी सामने येतात. त्यांपैकी निम्मे सामने घरच्या मैदानावर होतात. कामावरून सुटलेल्या माणसाने मुलाचा हात धरून जावे आणि ओळखीच्या खेळाडूला हाक मारावी, ही सवय अशाने लागते. आपण त्या लीगचे संगीत उचलले, दिव्यांचा झगमगाट उचलला. घरचे मैदान तेवढे उचलावयाचे राहिले!

मुंबईला गोडी नाही म्हणणाऱ्यांना २०१९ सालच्या ऑक्टोबरची आठवण करून दिली पाहिजे. त्या महिन्याच्या ४ व ५ तारखांना सॅक्रमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे दोन अमेरिकन संघ वरळीच्या एनएससीआय क्रीडागारात खेळले. सॅक्रमेंटोच्या संघाचे एक प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचेच. पहिल्या दिवशी आसने भरली होती ती शाळांतून आलेल्या हजारो मुलांनी, आणि जादा वेळेपर्यंत गेलेला तो सामना पेसर्सनी अवघ्या एका गुणाने, १३२ विरुद्ध १३१ असा, जिंकला. ज्या मुलांच्या आरोळ्यांनी ते क्रीडागार त्या सायंकाळी दुमदुमले, त्यांना पुढे आपल्याच शहराचा संघ वर्षानुवर्षे भेटला नाही. मुलांना चटक लावावयाची आणि मग पान वाढावयाचेच नाही, असा हा प्रकार झाला.

आणि ही चटक काही अमेरिकनांनी परवा येऊन लावलेली नाही. १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला आणि वायएमसीए व मिशनरी यांच्याच द्वारे तो आपल्याकडे आला. मुंबईत तो रुजला नागपाड्यासारख्या दाट, कष्टकऱ्यांच्या वस्तीत. अर्जुन पुरस्काराचे १९७० सालचे मानकरी आणि भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यात वाढले. नागपाड्याच्या बच्चूखान मैदानावर आणि माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेतील साव्हिओ चषकाच्या सामन्यांना ज्यांनी हजेरी लावली आहे, त्यांना बास्केटबॉलचा मुंबईकर प्रेक्षक कसा असतो हे सांगावयास नको. तो खेळाडूला नावाने ओळखतो, पंचांशी वाद घालतो आणि चुकलेल्या फेकीवर हळहळतो. व्यावसायिक संघांनी या प्रेक्षकाच्या दारावर थाप मारली असती, तर दार उघडले गेले असते, असा आमचा विश्वास आहे.

पैसा ओतला म्हणजे सारे साधते, असेही नाही. १९९५ साली अमेरिकन लीगने कॅनडात टोरँटो आणि व्हँकूव्हर असे दोन संघ एकाच वेळी उभे केले. व्हँकूव्हरच्या संघाला सहा वर्षांत एका मोसमात तेवीसपेक्षा अधिक सामने कधी जिंकता आले नाहीत. नव्या मालकाने २००१ साली तो उचलून मेम्फिसला नेला. टोरँटोच्या संघानेही सुरुवातीस पराभवच पाहिले. पण तो शहर सोडून गेला नाही आणि २०१९ साली अजिंक्य ठरला. सिअॅटलची कथा तर याहून बोलकी आहे. १९६७ पासून तेथे असलेला आणि १९७९ साली अजिंक्यपद मिळविलेला संघ २००८ साली ओक्लाहोमा सिटीला गेला. जेथे चार दशकांचे नातेही मालकाच्या सहीने तुटू शकते, तेथे दोन-तीन मोसमांपुरते नाव धारण करणाऱ्या संघात लोकांनी जीव गुंतवावा, ही अपेक्षा कोणत्या बळावर करावयाची?

याविरुद्ध फिलिपीन्सचे उदाहरण पुढे केले जाईल. तेथील व्यावसायिक लीग १९७५ पासून चालू आहे. संघांना कंपन्यांची नावे आहेत आणि अमेरिकन पद्धतीचे घरचे शहर त्यांना नाही. तरीही तेथे या खेळाचे वेड आहे. हा आक्षेप योग्य आहे. पण त्याचे उत्तरही त्याच देशात आहे. तेथे वाडीवस्तीतून, चर्चच्या अंगणातून, गल्लीच्या तोंडाशी बास्केटबॉलची कडी टांगलेली दिसते. संघ गावाचा नसला, तरी खेळ गावाचा आहे. दोन्हींपैकी एक मूळ तरी जमिनीत असावे लागते.

आपल्याकडे हे कबड्डीने सिद्ध केले. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा वरळीच्या त्याच क्रीडागारात ‘यू मुंबा’चे घरचे सामने पाहावयास लोक लोटले. लालबाग, परळ, नायगाव येथील क्रीडा मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या खेळाची मशागत करून ठेवली होती. चालकांनी मातीच्या जागी मॅट आणली, वेळेचे नियम आवळले; पण बीज परके नव्हते, आणि आपला संघ आपल्याच शहरात खेळताना लोकांना पाहता आला.

बास्केटबॉलच्या वाटेत आणखी एक अडथळा आहे. आपले बहुतेक चांगले खेळाडू रेल्वे, सेनादले, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्थांच्या नोकरीत असतात. या संस्थांनी खेळाडूंना पगार दिला, म्हातारपणाची सोय दिली. त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. परंतु खात्याच्या संघाला टाळी मिळते ती मुख्यतः सहकाऱ्यांची. शहर त्यात कोठे येत नाही. खेळाडूला खात्याची नोकरी सोडवत नाही, कारण लीग पुढील वर्षी असेल की नसेल याची शाश्वती नाही. आणि चांगले खेळाडू खात्रीने मिळत नाहीत म्हणून लीगला स्थैर्य येत नाही. २०१५ साली तर महासंघावर हक्क सांगणारे दोन गटच एकमेकांसमोर उभे होते. अशा घरात पाहुणे कसे रमावेत?

आम्ही आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली आहेत. वर्ग रिकामा राहिला तर मुलांना दोष देणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. आपल्या शिकविण्याकडे वळून पाहणारे थोडेच. संघांच्या चालकांनी हा दुसरा मार्ग धरावा. मुंबईचे नाव लावणाऱ्या संघाचे निदान निम्मे सामने मुंबईत व्हावेत, आणि ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी व्हावेत. संघात या शहरातील क्लबांतून आलेल्या मुलांसाठी जागा राखाव्यात. तिकीट असे असावे की, नागपाड्याचा कारागीर दोन मुलांसह ते काढू शकेल. संघ विकत घेणाऱ्याकडून काही वर्षे शहर न सोडण्याची हमी घ्यावी. महापालिकेनेही आपल्या मैदानांवरील बास्केटबॉलची कोर्टे उखडलेली राहू देऊ नयेत आणि सायंकाळी तेथे दिवे लावावेत. यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

शहरे आपापल्या संघांवर जीव लावतात, तेव्हा निरनिराळ्या भाषांची आणि धर्मांची माणसे एका बाकावर बसून एकाच फेकीसाठी श्वास रोखतात. मुंबईला आज अशा बाकांची गरज आहे. नागपाड्यातील मुले त्या बाकांवर येऊन बसावयास तयार आहेत. संघ मुंबईत आणावयाचा की नाही, हे ठरविणे चालकांच्या हाती आहे. ते त्यांनी पुढील मोसमापूर्वी ठरवावे.