बर्फ कशावर पडणार?

डिसेंबर लागला की गुलमर्गला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींचा एकच प्रश्न असतो : बर्फ पडेल ना? स्कीइंग शिकायला जाणारी पुण्या-मुंबईची तरुण मुलं मोबाइलवर सतत अंदाज बघतात, सेंटिमीटर मोजतात. मीही मोजतो. पण बर्फ किती पडणार यापेक्षा तो कशावर पडणार, हे आधी विचारायला हवं, असं मला आता ठामपणे वाटतं.

काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांतून. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या या प्रणाली उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून पीर पंजालला धडकतात. (एखादी दक्षिणेकडे जास्त झुकली आणि तिला बंगालच्या उपसागरावरचं बाष्प मिळालं, तर विदर्भ-मराठवाड्यात गारपीट होते. तेव्हा हा विषय आपल्या शेतकऱ्यालाही परका नाही.) २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. त्यात हे विक्षोभ नेमाने येत राहिले, तर बर्फ थरावर थर बसत घट्ट होतो.

अलीकडे हा नेम चुकतो आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते. खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. २०२५ मध्ये तर त्या फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या.

कोरड्या हिवाळ्याची हळहळ सगळ्यांनाच वाटते. त्यातला धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीला थोडा बर्फ पडतो, मग कित्येक आठवडे निरभ्र आकाश आणि कोरडी थंडी. बर्फाचा तळ जमिनीच्या उबेमुळे शून्य अंशाच्या आसपास राहतो, पृष्ठभाग मात्र रात्री कितीतरी खाली गोठतो. थर पातळ असेल तर हा फरक फार तीव्र होतो. थरातली वाफ खालून वर सरकू लागते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जाड साखरेसारखे मोकळे खडे तयार होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. अशा तळावर दोन दिवसांत तीन-चार फूट नवा बर्फ येऊन बसला, की ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही वरचा सगळा थर तुटून सुटू शकतो.

आणि महिनाभर ज्याची वाट पाहिली तो दिवस नेमका हाच असतो. बर्फ थांबलेला, आकाश निळं, वर नेणारा गोंडोला (रोपवे) सुरू. २०२४ च्या लांबलेल्या स्पर्धा २१ फेब्रुवारीला सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारीला, तिथल्याच अफरवट शिखराच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या इथल्याच युद्धशाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ती तर बर्फात वावरण्याचं प्रशिक्षण घेणारी माणसं होती.

अंदाज बघताना तो कोणत्या उंचीचा आहे हेही पाहायला हवं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचं वरचं टोक ३,९०० च्याही वर. दोन्हींच्या तापमानात सात-आठ अंशांचा फरक सहज पडतो. खाली पाऊस असताना वर बर्फ साठत असतो. वाऱ्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. एका बाजूचा बर्फ उचलून तो धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो, म्हणजे अंदाजात एक फूट असला तरी तिथे तीन फूट साचलेला असू शकतो. बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस असे उतार टाळावेत. आखलेल्या भागाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच, कारण गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ कुठून असणार? शोधायचं सोबत्यांनीच.

डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. आपल्या सहल कंपन्या प्रवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर उद्याचा नाश्ता किती वाजता आणि गाडी किती वाजता सुटणार हे न चुकता कळवतात. त्याच संदेशात गुलमर्गसाठीचा त्या दिवसाचा इशारा मराठीत टाकायला त्यांना एक मिनिट लागेल. या हंगामापासून तो टाकावा, आणि टाकला नाही तर गोंडोलाचं तिकीट काढण्याआधी आपण तो मागून घ्यावा.