मॉर्फिनला कुलूप, ट्रामाडॉलला मोकळं रान

धुळे जिल्ह्यातल्या साक्री-पिंपळनेर पट्ट्यात नशेचा विषय निघाला की एक उपाय हमखास पुढे येतो : अफूपासून बनलेली औषधं तालुक्यात येऊच देऊ नका. मालेगाव इथून लांब नाही, तिथल्या 'कुत्ता गोळी'ची चर्चा सगळ्यांनी ऐकलेली आहे. म्हणून ही भीती खोटी म्हणता येणार नाही. उपाय मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत कॅन्सरचा रोगी मोजतो.

आधी हे सांगायला हवं की 'कुत्ता गोळी' म्हणजे बहुधा अल्प्राझोलाम. ते चिंता आणि झोपेसाठीचं औषध आहे; अफूच्या कुळातलं नाही. तिच्या भीतीने अफूपासून बनणाऱ्या, कॅन्सरच्या वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनला कुलूप लावायचं, हे कुठलं शहाणपण?

बंदीचा प्रयोग देशाने करून पाहिलेला आहे. 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला, परवान्यांचं जंजाळ उभं राहिलं आणि पुढच्या बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. नशा थांबली का? एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे 2 कोटी 26 लाख लोक आढळले. त्यात हेरॉइनच्या खालोखाल क्रमांक औषधी गोळ्या-इंजेक्शनांचा होता. दुसरीकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 मध्ये दाखवून दिलं की वेदनाशमनासाठी लागणाऱ्या या औषधांपैकी जेमतेम 4 टक्के भारतीय रोग्यांपर्यंत पोहोचतात. नीमच आणि गाझीपूरला सरकारच अफूवर प्रक्रिया करतं, आणि हाडात कॅन्सर पसरलेली म्हातारी रात्रभर कण्हत पडते. हे मला सहन होत नाही.

बेपर्वाई खरी दिसते ती ट्रामाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या बाबतीत. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेला मजूर दवाखान्यात शिरतो तो "डॉक्टर, कंबर भलती दुखस, सुई द्या" म्हणतच. सुई मिळते, वर गोळ्यांची पट्टी मिळते. दारू किती घेतोस, झोपेची गोळी चालू आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. अफूवर्गीय औषधाबरोबर दारू किंवा अल्प्राझोलाम पोटात गेलं तर श्वास मंदावतो, थांबूही शकतो. ट्रामाडॉल 2018 पासून एनडीपीएसखाली आहे. ते ज्या एच-1 यादीत येतं, तिच्यातल्या औषधांची नोंद दुकानदाराने रोगी आणि डॉक्टरच्या नावासह तीन वर्षं ठेवायची असते. पण वही डॉक्टरच्या जागी प्रश्न विचारत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच आधी साध्या गोळीने भागतं का ते पाहावं, नाहीच भागलं तर मोजक्या दिवसांचं औषध द्यावं, पुन्हा बोलावून बघावं. आणि महिनोन् महिने घेणाऱ्याचं एकदम न तोडता हळूहळू उतरवावं.

"नशा करणारा पोलिसांचा विषय, दवाखान्याचा नव्हे," असंही म्हटलं जातं. खुद्द कायदाच तसं म्हणत नाही. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर कलम 64-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र याच विश्वासावर चाललं आहे की व्यसनी माणूस रोगी आहे. ब्यूप्रेनॉर्फिनने तलफ ताब्यात ठेवता येते. हे औषधही अफूच्याच कुळातलं. सरसकट बंदीत ते सर्वांत आधी हद्दपार होईल.

मॉर्फिन रोग्यापर्यंत पोहोचवण्याची वाट एनडीपीएस कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीने सोपी केली आहे. मॉर्फिनसह सहा औषधांसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते, त्यासाठी संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर हवा. साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयातले एक-दोन वैद्यकीय अधिकारी या प्रशिक्षणाला पाठवायला काय अडचण आहे? धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांच्या पाठीशी उभं राहावं. कुलपात मॉर्फिन आणि व्यसनी रोग्यासाठी ठरलेल्या वारी ओपीडी, दोन्ही एकाच इमारतीत, एकाच डॉक्टरच्या हाताखाली असावीत. ऊसतोडीच्या टोळ्या उन्हाळ्यात परततात. ओपीडी तोवर सुरू झालेली हवी.