कोड तोच, बोर्ड तोच. मग एरर का? आधी आवृत्ती तपासा

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, हातात ईएसपी३२ बोर्ड आणि जुना व्हिडिओ पाहून उतरवलेला कोड. व्हिडिओत एलईडीचा प्रकाश कमी-जास्त होतो. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर मात्र एररची रांग लागते. मग ‘कॉपी-पेस्ट केले की असेच होणार’ हे ऐकावे लागते. पण दरवेळी दोष विद्यार्थ्याचा नसतो.

नेमके काय बिघडते?

आर्डुइनो आयडीईमध्ये ईएसपी३२ वापरायचा तर ‘बोर्ड्स मॅनेजर’मधून एस्प्रेसिफ कंपनीचे पॅकेज घ्यावे लागते. २०२४ मध्ये या पॅकेजची ३.० आवृत्ती आली. त्यात ‘एलईडीसी-सेटअप’ आणि ‘एलईडीसी-अटॅचपिन’ ही फंक्शन्स काढून त्यांच्या जागी ‘एलईडीसी-अटॅच’ देण्यात आले. त्यामुळे कालपर्यंत चालणारा कोड कंपाइलच होईना.

प्लग-इनचीही तीच गत

वेब पेजच्या फाइल्स चिपच्या फ्लॅश मेमरीत टाकणारे जुने प्लग-इन जावावर चालायचे. ते ‘टूल्स’ फोल्डरमध्ये ठेवले की काम व्हायचे. २०२२ मध्ये आयडीईची २.० आवृत्ती पूर्ण नव्या रचनेत आली आणि ही प्लग-इन्स निरुपयोगी ठरली. आता लिटलएफएसची ‘व्हीएसआयएक्स’ फाइल आयडीईच्या ‘प्लगइन्स’ फोल्डरमध्ये ठेवून आयडीई पुन्हा सुरू करावी लागते. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबले की अपलोडचा पर्याय सापडतो. अपलोडपूर्वी सीरियल मॉनिटर बंद करायला विसरू नये.

मग करायचे काय?

• जुना कोड चालवायचा असेल तर बोर्ड्स मॅनेजरमध्ये पॅकेजची २.x आवृत्ती निवडा.
• सबमिशन तोंडावर असताना ‘अपडेट’ दाबू नका.
• प्लॅटफॉर्मआयओ वापरत असाल तर प्रोजेक्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्येच आवृत्ती लिहून ठेवा.

जर्नलमध्ये हा रकाना हवाच

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सर्किट डायग्राम असतो, कोड असतो, आउटपुट असते. आयडीई, बोर्ड पॅकेज आणि प्लग-इनच्या आवृत्त्या मात्र सहसा नसतात. दोन ओळींची ही नोंद सक्तीची केली, तर पुढच्या बॅचचे कित्येक तास वाचतील. नवी आवृत्ती टाळावी असे नाही; तिच्यात जुन्या त्रुटी दुरुस्त झालेल्या असतात. पण बदल कधी आणि कशासाठी केला, हे सांगता येणे हाच अभियांत्रिकीचा पहिला धडा आहे. व्हायवात एक प्रश्न त्यावरही विचारायला हवा.