शेताला विचारा!



दरवर्षी १ जानेवारीला आम्ही कासारसाईची मंडळी भीमा-कोरेगावला जातो, विजयस्तंभाला मानवंदना देतो आणि परततो. पण १८१८ सालची ती लढाई गावात आणि भीमेच्या काठी झाली. आज त्या परिसरात शेती आहे. त्या शेतांना आम्ही कधी विचारले का?

विचारायचे कसे? सातबारा, जुने फेरफार, मोजणीचे नकाशे पाहावेत. पेशवाईचे मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. म्हाताऱ्यांकडून शेतांची जुनी नावे लिहून घ्यावीत. नांगराला शिशाची गोळी लागली तर भंगारात घालू नये, जागा टिपून ठेवावी.

स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली नावे कोरली, म्हणून ती उरली. त्यांना मानवंदना द्यायला १९२७ साली बाबासाहेब आले. गावच्या शिवेचा वाद पडला की साक्ष महाराची असे. ज्यांच्या शब्दावर शीव ठरली, त्यांचेच नाव आज कागदात शोधावे लागते!

मातांनो, मुलामुलींना मोडी शिकवा. घरातली वतनाच्या कागदांची ट्रंक यंदा उघडा. दगड टिकतो, कागदाला वाळवी लागते.