खिशातला मोबाइल वाकतो तो कोणाच्या दोषाने?

मागच्या रमजान ईदच्या आधीची गोष्ट. आमच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसणाऱ्या मास्टरांकडे एक तरुण गिऱ्हाईक तावातावाने आले. दोन महिन्यांपूर्वी इथेच शिवलेली पॅन्ट अंगावर आणि हातात मोबाइल. तो मोबाइल त्याने आमच्या काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला व एका कोपऱ्यावर बोट दाबले. समोरचा कोपरा उचलला गेला. "मास्टर, तुमच्या तंग खिशानं माझा सोळा हजाराचा मोबाइल वाकवला. आता भरून द्या." मास्टर म्हणाले, "बेटा, तंग तूच करायला लावली. मी दोन बोटं ढिली ठेवतो म्हणालो होतो ना?" पण ईदच्या तोंडावर दारात तमाशा नको म्हणून त्यांनी शिलाईचे साडेचारशे रुपये परत केले. गिऱ्हाईक गेले ते गेलेच, परत फिरकले नाही.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यात आहे. मोबाइल खिशात खरोखर वाकतो काय? आणि वाकला तर दोषी कोण, बनवणारा, विकणारा, शिवणारा की वापरणारा? आष्टीसारख्या गावात आपल्या बिरादरीचे लोक या चारही जागांवर बसलेले आहेत, फक्त बनवणारा सोडून. म्हणून या पानावर त्याची चर्चा व्हावी असे आम्हास वाटते.

प्रथम जगातील सर्वात गाजलेले प्रकरण सांगतो. अमेरिकेच्या अ‍ॅपल कंपनीने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आयफोन ६ आणि आयफोन ६ प्लस हे दोन मोबाइल बाजारात आणले. पहिल्या तीन दिवसांत एक कोटीहून अधिक नग विकले गेले. प्लसचा पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेपाच इंच, आणि जाडी अवघी ७.१ मिलिमीटर. आठवडा संपण्याच्या आत बोभाटा झाला की पॅन्टच्या खिशात ठेवून बसले की हा मोबाइल वाकतो. एका माणसाने तो नुसत्या हाताने वाकवून दाखवला आणि ते चित्रण कोट्यवधी लोकांनी पाहिले. कंपनीने उत्तर दिले की विक्रीच्या पहिल्या सहा दिवसांत फक्त नऊ गिऱ्हाइकांनी वाकल्याची तक्रार केली आहे, साध्या वापरात असे होणे फार दुर्मिळ आहे, आणि आत जिथे ताण पडतो तिथे पोलाद व टायटॅनियमचे तुकडे बसवलेले आहेत. आपल्या देशात हे मोबाइल १७ ऑक्टोबर २०१४ रोजी, दिवाळीच्या तोंडावर आले. प्लसची किंमत ६२,५०० रुपयांपासून सुरू होती. त्या पैशात त्या काळी आमच्याकडे चांगली मोटारसायकल येत होती. तेव्हा आष्टीत तो कोणी घेतला असेल असे वाटत नाही. पण त्या महागड्या मालाच्या निमित्ताने जी तपासणी झाली ती आपल्या दहा-पंधरा हजारांच्या मोबाइललाही लागू पडते.

ग्राहकांसाठी मालाची तपासणी करणाऱ्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन संस्थेने मोबाइल दोन टोकांवर टेकवून मध्ये यंत्राने दाब दिला. आयफोन ६ सुमारे ३२ किलोच्या दाबाला वाकायला लागला, ६ प्लस सुमारे ४१ किलोला. त्याआधीचा, आकाराने लहान पण थोडा जाड आयफोन ५ हा ५९ किलोपर्यंत टिकला. सॅमसंगचा नोट ३ हा प्लस्टिकच्या पाठीचा मोठा मोबाइल ६८ किलोपर्यंत टिकला. म्हणजे मोठा आहे म्हणून वाकतो असे सरसकट म्हणता येत नाही. मोठा आणि पातळ, ही जोडी वाईट.

याचे कारण कापडवाल्यास समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या हातात रोज मीटरची लोखंडी पट्टी असते. ती आडवी धरून दोन्ही टोके दाबा, सहज लवते. तीच उभ्या धारेवर धरून दाबा, हलत नाही. लोखंड तेच, वजन तेच, फक्त दाबाच्या दिशेला जाडी किती एवढाच फरक. हिशेब असा आहे की पट्टीची जाडी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम केलेल्या कोणत्याही भावाला विचारा. तेव्हा कंपनी जाहिरातीत अर्धा मिलिमीटर कमी केल्याचा जो अभिमान मिरवते, त्याची किंमत मोबाइलची कंबर देते. त्यात कडेला बटणांसाठी धातू कापलेला असतो. ६ प्लस बहुधा आवाजाच्या बटणांपाशीच वाकत असे. पॅन्ट फाटते ती खिशाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून फाटते, म्हणून तर मास्टर तिथे दुहेरी टाका मारतात. तोच प्रकार.

आणखी एक. थोडा दाब आला तर धातू लवतो आणि परत येतो. एका हद्दीपलीकडे गेला की परत येत नाही. लोकरीच्या कापडाची चुणी टांगून ठेवली की निघते, सुतीची इस्त्रीशिवाय निघत नाही. मोबाइलला इस्त्री नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या प्लसच्या बाबतीत पुढे असे झाले की कित्येक मोबाइलचा पडदा बोटाला दाद देईनासा झाला. लोक कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने १४९ डॉलर घेऊन दुरुस्तीची सोय केली आणि म्हटले की मोबाइल कडक जागेवर अनेकदा पडल्याने असे होते. मे २०१८ मध्ये त्याच खटल्यातील न्यायाधीश लूसी कोह यांच्या आदेशातून कंपनीच्या अंतर्गत तपासण्यांचे आकडे बाहेर आले. बाजारात आणण्यापूर्वीच कंपनीच्या ध्यानात आले होते की आयफोन ६ हा आधीच्या ५ एस पेक्षा वाकण्याची शक्यता ३.३ पट जास्त आहे आणि ६ प्लसची ७.२ पट. २०१५ मध्ये पुढचा ६ एस काढताना कंपनीने अ‍ॅल्युमिनियमची जातच बदलून अधिक कणखर घेतली, हेही खरे.

सात पट म्हणजे सगळेच वाकले असा अर्थ नव्हे. दहा हजारात एक वाकत असेल तर सात वाकतील. कंपनीचे "दुर्मिळ" हे म्हणणे कदाचित शब्दशः खोटेही नसेल. आमचे भांडण त्या आकड्याशी नाही. ज्याला ठाऊक होते त्याने विकण्याआधी सांगितले नाही, याच्याशी आहे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे सौद्याचे मसले शिकवताना 'खियार-ए-ऐब' शिकवत. मालात लपलेला ऐब निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते, व्यापारी पावसाचे निमित्त सांगतो, आणि त्याला विचारले जाते की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येक दुकानदाराने लहानपणी ऐकलेली आहे. पाऊस पडला हा व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. धातू पातळ असणे हाही कोणाचा गुन्हा नाही. आम्ही स्वतः धुतल्यावर दोन इंच आटणारे कापड विकतो, पण कापण्यापूर्वी सांगतो की आटेल, पाव मीटर जास्त घ्या. सांगितल्याने गिऱ्हाईक तुटते असा आमचा तीस वर्षांचा अनुभव नाही. (कधी कधी तुटते. पण ते गिऱ्हाईक पुढे उधारीतही तुटलेच असते.)

म्हणून आपले जे भाऊ मोबाइलची दुकाने चालवतात त्यांना आमचे म्हणणे आहे की डबा उघडताना कव्हर आणि काच विकण्याची जेवढी घाई असते, तेवढीच एक वाक्य बोलण्याची असू द्या: मागच्या खिशात ठेवून बसू नका, वाकला तर वॉरंटी मिळणार नाही. कारण ती मिळत नाहीच. आमच्या भाच्याचा मोबाइल असाच वाकला. शहरातील दुरुस्ती केंद्रात त्याला "फिजिकल डॅमेज" हे दोन शब्द ऐकवून काउंटरवरून परत पाठवले. विकताना हे दोन शब्द कोणी उच्चारले नव्हते.

वापरणाऱ्याचा दोष किती? मागच्या खिशात मोबाइल ठेवून बाकावर बसणारा पूर्ण दोषी आहे, यात वाद नको. सत्तर किलोचा माणूस धप्पकन बसला तर वरचे आकडे पुन्हा वाचून पाहावेत. पण पुढच्या खिशाचे तसे नाही. उभ्या माणसाच्या पुढच्या खिशात मोबाइल मांडीवर सरळ पडून असतो. बसला की जांघेत घडी पडते आणि मोबाइल त्या घडीवर आडवा आला तर वरचा भाग पोट दाबते, खालचा मांडी उचलते. यात सर्वात जास्त सापडतो तो आपला कारागीर. फरशी बसवणारा, नळ जोडणारा, वेल्डिंगवाला दिवसभर उकिडवा बसून असतो. दुकानात गादीवर मांडी घालून बसणाऱ्या आमच्यासारख्याचेही तेच. नमाजमध्ये रुकू, सजदा आणि कायदा, प्रत्येक वेळी तीच घडी पडते, दिवसातून पाच वेळा. मशिदीत मोबाइल बंद करा असे लिहिलेले असते. खिशातून काढून समोर ठेवला तर दोन्ही कामे होतात. मोटारसायकलवर तर खड्ड्यांचा दणका वेगळाच. आमच्या घरातील स्त्रियांचा एकही मोबाइल आजवर वाकलेला नाही. त्यांच्या कपड्यांना खिसेच नसतात, पर्समध्ये ठेवावा लागतो.

आता शिवणाऱ्याकडे येऊ, कारण साडेचारशे रुपये त्यांचे गेले. तंग पॅन्टचा खिसा मोबाइलला घडीवरून सरकू देत नाही. त्यातून खिसा उथळ असला तर मोबाइल नेमका जांघेवर अडकतो. खिसा खोल असेल तर तो घडीच्या खाली, मांडीच्या सपाटीवर जाऊन पडतो आणि त्याच्यावरचा जोर पुष्कळ कमी होतो. आजकाल ६.७ इंच म्हणून विकला जाणारा मोबाइल अंगाने साधारण साडेसहा इंच लांब आणि तीन इंच रुंद असतो. तयार जीन्सचे पुष्कळसे खिसे आम्ही आतून मोजून पाहिले, तोंडाच्या खालच्या टोकापासून पाच-साडेपाच इंचांच्या पुढे फार थोडे गेले. कारखान्यात पॉकेटिंगचे कापड वाचवतात. हजारो नगांत ते पैसे होतात, एका गिऱ्हाइकाच्या पदरात मात्र वाकलेला मोबाइल पडतो.

इथेच आपल्या टेलरांचा धंदा आहे. तयार कपड्यांनी शिलाईचे काम किती खाल्ले हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. कारखाना प्रत्येकाचा मोबाइल मोजू शकत नाही, मास्टर मोजू शकतात. सात इंच खोल खिसा, तळाशी तिरपा न जाता सरळ, आणि ज्याला उकिडवे बसायचे आहे त्याला मांडीच्या बाहेरच्या बाजूला खाली वेगळा खिसा. सदरीला आतून खिसा असेल तर सर्वात उत्तम. दोन्ही खिशांना मिळून वीतभर पॉकेटिंग जास्त लागते. नेहरू शर्टाचा बाजूचा खिसा तर आपल्या वाडवडिलांनी मोबाइलसाठीच काढून ठेवला असावा. तो अंगापासून सुटा लोंबतो, त्याच्यावर कोणी बसत नाही. मात्र बसताना बाजूला घेण्याची सवय लावावी लागते.

मोबाइल वाकला आहे असे वाटले तर आधी काचेवर पालथा ठेवून पाहावा. टोके उचललेली दिसली तर वाकला. पण पाठ मध्येच फुगलेली दिसत असेल आणि चौकट सरळ असेल तर ती बॅटरी फुगल्याची खूण आहे. ती दाबू नये, चार्जिंगला लावू नये, लगेच दुकानात दाखवावी. वाकलेला मोबाइल गुडघ्यावर ठेवून सरळ करणारे शूर लोक आम्ही पाहिले आहेत. आतली बॅटरी पातळ थरांची असते, थर चेपून एकमेकांस लागले तर आग लागू शकते.

तक्रार करायची असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे, जालन्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही. मात्र दोष मालात होता हे दाखवावे लागते, नुसते खिशात वाकला म्हणून भागत नाही. पक्के बिल जपून ठेवा. आपले लोक दोनशे रुपये वाचवायला बिल घेत नाहीत आणि मग सोळा हजारांना मुकतात.

पातळपणाची हौस अजून फिटलेली नाही. २०२५ मध्ये मे महिन्यात सॅमसंगने ५.८ मिलिमीटरचा आणि सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने ५.६ मिलिमीटरचा मोबाइल काढला. दोघांनीही चौकट टायटॅनियमची केली, म्हणजे २०१४ चा धडा त्यांना आठवतो. स्वस्त मालात टायटॅनियम येणार नाही, पातळपणाची नक्कल तेवढी येईल.

आमच्या ओट्यावरचे मास्टर आता पॅन्टचे माप घेताना कंबर, सीट, मांडी झाली की हात पुढे करून मोबाइल मागतात आणि टेप त्यालाही लावतात. खोल खिशाचे वीस रुपये वेगळे घेतात. आमचे म्हणणे, पॉकेटिंग आमच्याकडूनच जाते, तेवढे आम्ही सोडून देतो, तुम्ही वीस रुपये घेऊ नका. मास्टर ऐकत नाहीत. "साडेचारशे वसूल होईपर्यंत घेणार," म्हणतात. परवापर्यंत अकरा पॅन्टी झाल्या आहेत.