ब्राह्मणपुरीची फाइल सापडत नाही

प्रोजेक्ट लॅबमधल्या विंडोजवर झकास चालतो आणि लिनक्स सर्व्हरवर टाकला की 'फाइल सापडत नाही' म्हणून मान टाकतो. मग आपण सर्व्हरला शिव्या घालतो. मित्रांनो, चूक बऱ्याचदा एका अक्षराची असते. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या माहितीची फाइल घ्या. तिचं इंग्रजी नाव कॅपिटल 'बी'ने सुरू होतं, प्रोग्रॅममध्ये आपण स्मॉल 'बी' टाइप केलेला असतो. विंडोजला दोन्ही सारखेच. लिनक्सला मात्र ही दोन वेगळी गावं! आणि लिनक्सवरच्या अशा दोन फायली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या, तर दुसरी पहिलीला पुसून टाकू शकते. (स्पेलिंगमध्ये 'ह्म' की 'म्ह' हा घोळ आणखी वेगळाच.)

यावर सीनियर सांगतात, नावं इंग्रजीतच द्या, सगळी स्मॉल अक्षरं, मध्ये स्पेस नको. आपल्या सोर्स फायलींपुरतं हे शंभर टक्के मान्य. पण आपलं सॉफ्टवेअर वापरणारा ग्रामपंचायतीतला माणूस फाइलला 'शेतकऱ्यांची यादी' असंच नाव देणार, आणि त्याने ते द्यावंच. अडवणारे आपण कोण?

खरी गंमत त्या 'ऱ्या'मध्ये आहे. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एकच चिन्ह आहे, पण 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही तो लिहिता येतो. जुन्या मॅकची १९९८ची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नाव साठवताना तो असाच फोडायची; २०१७मध्ये आलेली एपीएफएस तसं करत नाही. तिसरा प्रकार म्हणजे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही हुबेहूब, पण लिनक्स बाइट मोजतो, त्याला तिन्ही नावं वेगळी. जावा ६पासून असलेला नॉर्मलायझर पहिल्या दोघांना एक करतो. तिसऱ्याला नाही! तो आपणच कोडमध्ये बदलून घ्यायचा.

म्हणून माझं मत असं, की डिस्कवर फाइल नंबराने ठेवावी, मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवावं आणि शोधताना दोन्हीकडची नावं एकसारखी करून मगच तुलना करावी. शिवाय लिनक्सवर एका नावाला साधारण २५५ बाइटच मिळतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'ब्राह्मणपुरी'चीच १२ चिन्हं, म्हणजे ३६ बाइट झाले. सरकारी पत्राचा अख्खा विषय कुणी फाइलचं नाव म्हणून दिला तर ८५ चिन्हांतच गाडी अडते.

सबमिशनआधी टेस्टिंगला तीन फायली ठेवून बघा, तिन्हींचं नाव 'शेतकऱ्यांची यादी', फक्त 'ऱ्या' तीन तऱ्हांनी टाइप केलेला.